आधी २३ टक्के, मग ५ टक्के: फुंकता न येणाऱ्या एका मुलाची ऑसिलोमेट्री

हे प्रकरण लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी पीएफटी लॅबमध्ये, म्हंजे फुप्फुसं किती चांगली चालतात ते मोजणाऱ्या लॅबमध्ये टेस्ट घेते, म्हंजे डॉक्टर नाही, पण मशीनसमोर पेशंटला बसवणारी मीच आणि रिपोर्टची प्रिंट काढणारीही मीच. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, आकडे आणि कोणता निर्णय कशानंतर झाला तो क्रम तेवढा तसाच ठेवलाय. ज्यांच्या लॅबमध्ये ऑसिलोमेट्रीचं, म्हंजे नेहमीच्या श्वासावरूनच फुप्फुसं तपासायचं मशीन नुकतंच आलंय आणि "याला पेशंटचं काही सहकार्यच लागत नाही, नुसता श्वास घेऊ द्या" असं ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांनी हे जरूर वाचावं. पेशंटला टेस्ट सोपी आहे हे शंभर टक्के खरं, पण घेणाऱ्यालाही ती सोपी असते असं धरून चाललं की काय होतं ते या मुलाच्या बाबतीत आम्ही पाहिलं.

पार्श्वभूमी

मुलगा ५ वर्षं ८ महिन्यांचा, उंची ११२ सेंटिमीटर. दोन वर्षांपासून रात्रीचा खोकला, सर्दी झाली की छातीत घरघर, आणि त्यात दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलेलं. एक्सरे नॉर्मल, वजन उंची व्यवस्थित वाढतेय. आईला लहानपणी दमा होता आणि मुलाच्या कोपराच्या गुडघ्याच्या वळ्यांमध्ये एक्झिमा आहे, त्यामुळे दम्याचा संशय आधीपासूनच. चार महिन्यांपासून स्टेरॉइड इनहेलर कमी डोसमध्ये, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावून चालू होता. फरक पडतोय का विचारलं तर आई म्हणायची थोडा पडतोय, वडील म्हणायचे काही नाही पडत, उगाच एवढ्या लहान पोराला स्टेरॉइड कशाला. आठवड्यात चार पाच रात्री तरी खोकला होताच, यावर मात्र दोघांचंही एकमत होतं.

सरांसमोर, म्हंजे मुलाला तपासणाऱ्या आमच्या डॉक्टरांसमोर, खरं तर तीन शक्यता होत्या. एक, दमा आहे आणि औषध कमी पडतंय. दोन, दमा वगैरे नाही, या वयात बऱ्याच मुलांना व्हायरल सर्दीसोबत घरघर होते आणि मोठं होता होता जाते, तसलं हे आहे. तीन, दमा आहे, औषधही बरोबर आहे, पण ते छातीत पोचतच नाहीये. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आणि पहिल्या दोघांचे तर एकमेकांच्या अगदी उलटे, एकात डोस वाढवायचा आणि दुसऱ्यात बंद करायचा.

अडचण

एवढ्या लहान मुलाची फुप्फुसं मोजायची कशी. स्पायरोमेट्रीत पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि जीव खाऊन एका दमात शेवटपर्यंत सोडायचा, हे मोठ्यांनाही चार वेळा समजावून सांगावं लागतं. लहान मुलांची फुप्फुसं मुळात एवढी छोटी की ज्यांना जमतं त्यांचाही श्वास एका सेकंदाच्या आत संपतो, म्हणून त्यांच्यात पहिल्या पाऊण किंवा अर्ध्या सेकंदाचा आकडा बघावा लागतो. या मुलाने सहा वेळा प्रयत्न केला, स्क्रीनवरच्या मेणबत्त्या विझवायला त्याला आवडत होतं, पण गाल फुगवून फू केलं की झालं, एकही प्रयत्न धरण्यासारखा नव्हता. मग सरांनी सांगितलं, ऑसिलोमेट्री करून टाका.

ज्यांना ही टेस्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कल्पना जुनी आहे, १९५६ साली ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. मूल तोंडात नळी धरून नेहमीसारखा श्वास घेत राहतं आणि मशीन त्याच श्वासावर दाबाच्या अगदी हलक्या लहरी सोडतं, साधारण ५ हर्ट्झपासून पुढे, ५ हर्ट्झ म्हंजे सेकंदाला पाच हेलकावे. लहर आत गेल्यावर तोंडापाशी दाब किती आणि हवेचा प्रवाह किती हे मोजायचं, त्यावरून श्वसनसंस्थेचा एकूण अडथळा कळतो, त्याला इम्पीडन्स म्हणतात आणि त्याचे दोन भाग पडतात. एक रेझिस्टन्स, म्हंजे हवा नळ्यांतून जाताना घासली जाते तो विरोध. दुसरा रिअ‍ॅक्टन्स, हा जरा अवघड वाटतो पण मला विचाराल तर जास्त बोलका तोच आहे. फुप्फुस आणि छाती ताणल्यावर परत यायला बघतात तो एक गुण आणि हलणाऱ्या हवेचं जडत्व हा दुसरा, या दोघांचा हिशोब त्यात असतो. ५ हर्ट्झला ताणाचा गुण वरचढ असतो म्हणून एक्स५ हा आकडा उणे येतो, आणि बारीक नळ्या आवळल्या किंवा बंद पडल्या की त्यांच्या मागचं फुप्फुस लहरीच्या हाती लागतच नाही, उरलेलं तिला कडक वाटतं आणि आकडा आणखी उणे जातो. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की एका ठिकाणी दोन्ही गुण एकमेकांना फेडतात आणि रिअ‍ॅक्टन्स शून्य होतो, ती रेझोनंट फ्रिक्वेन्सी. ५ हर्ट्झपासून तिथपर्यंत शून्याच्या रेषेखाली जेवढी जागा येते ती एएक्स. बारीक नळ्यांचं काही बिघडलं की एएक्स चांगलाच फुगतो.

५ हर्ट्झचा रेझिस्टन्स तो आर५ आणि २० हर्ट्झचा तो आर२०. आर५ मध्ये सगळ्या नळ्या आल्या आणि आर२० मध्ये मोठ्या नळ्या, वजाबाकी केली की बारीक नळ्यांचं कळतं असं शिकवतात. ढोबळमानाने चालतं ते, पण लहान मुलांचे गाल मऊ असतात आणि लहरीचा बराच भाग गालच खाऊन टाकतात, त्यामुळे या वयात त्या वजाबाकीवर मी फार भार देत नाही.

पहिली टेस्ट

सहा वेळा स्पायरोमेट्रीचा प्रयत्न करून झाल्यावर लगेच त्याच खुर्चीत ऑसिलोमेट्री केली, मूल दमलेलं होतं, बाहेर रांग होती. १६ सेकंदाचा एक असे तीन प्रयत्न घेतले, १२ वर्षांखालच्या मुलांना एवढा वेळ पुरतो, मोठ्यांना ३० सेकंद लागतात. मशीनने तिन्ही स्वीकारले. आर५ आले १०.२, १३.४ आणि १६.३ हेक्टोपास्कल सेकंद प्रति लिटर, सरासरी १३.३, त्याच्या उंचीला अपेक्षित ९.१, म्हंजे १४६ टक्के. मग साल्ब्युटामॉल, म्हंजे नळ्या उघडणारं औषध देऊन पंधरा मिनिटांनी परत, आर५ ९.९, म्हंजे २६ टक्के कमी. रिपोर्टच्या खाली ओळ आली की रेझिस्टन्स वाढलेला, औषधाला लक्षणीय प्रतिसाद नाही. प्रिंट काढली, फाइलला लावली, वडिलांनी मोबाइलमध्ये फोटोही काढून घेतला.

त्याच कागदावर बारीक अक्षरात अजून एक आकडा होता, तीन प्रयत्नांमधली तफावत (स्टँडर्ड डीव्हिएशन सरासरीच्या किती टक्के आहे ते), २३ टक्के. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीचं २०२० सालचं मानक सांगतं की कमीत कमी तीन चांगले प्रयत्न हवेत आणि मुलांमध्ये ही तफावत १५ टक्क्यांच्या आत हवी, मोठ्यांमध्ये १० च्या आत. मला हे माहीत होतं. त्या दिवशी मी तो आकडा बघितला नाही, एवढं सरळ आहे ते.

सरांनी रिपोर्ट बघून जे ठरवलं ते त्या कागदावरून योग्यच होतं. रेझिस्टन्स दीडपट, चार महिने स्टेरॉइड चालू असूनही, आणि नळ्या उघडणाऱ्या औषधाने फारसं उघडत नाही, तर आत सूज बरीच असणार, डोस दुप्पट करू. प्रिस्क्रिप्शन लिहून झालं होतं.

तेवढ्यात आई फाइल घ्यायला माझ्या टेबलापाशी आली आणि सहज बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, तो टेस्ट चालू असताना सारखी जीभ नळीला लावत होता, त्या थरथरीने त्याला गुदगुल्या होत होत्या." मी तिथेच मशीनवर कच्चे ग्राफ उघडले. पहिल्या प्रयत्नात श्वास एकसारखा होता. दुसऱ्यात मध्येच दोन ठिकाणी रेझिस्टन्सचे उंच सुळके, तिथे प्रवाह जवळजवळ शून्यावर आलेला, म्हंजे गिळलं तरी असणार नाहीतर घसा आवळला असणार. तिसऱ्यात पूर्ण १६ सेकंद रेझिस्टन्स वर चढलेला आणि श्वास उथळ. जीभ वाटेत आडवी आली की लहरीला तोंडातच अडथळा होतो, मशीनला ते तोंड आहे की फुप्फुस आहे हे कळायचं काही साधन नाही, ते सगळं एकत्रच मोजतं. गालांचं उलटं असतं, गाल मोकळे सोडले तर लहरीची ताकद गाल हलवण्यात जाते आणि आत अडथळा असूनही आकडा कमी दिसू शकतो. ओठातून हवा गळली तरी आकडा कमीच येतो. म्हणजे दोन्हीकडून फसायला जागा आहे, आणि एकाच मुलात तीन प्रयत्नांत तीन वेगळ्या चुका होऊ शकतात.

मी आईला विचारलं, आज सकाळी कुठलं औषध दिलं होतं का. तर निघताना खोकत होता म्हणून आराम देणाऱ्या निळ्या पंपाचे दोन पफ दिले होते, टेस्टच्या दीड तास आधी. हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. आधीच नळ्या उघडून आलेल्या मुलाला परत तेच औषध देऊन आम्ही "प्रतिसाद नाही" लिहिलं होतं. बरं, तो २६ टक्क्यांचा फरकसुद्धा औषधाचाच असेल असं नाही, दुसऱ्या वेळी जीभ जागेवर राहिली एवढंही कारण पुरतं.

कोणते पर्याय होते

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन हे सगळं सांगितलं. सांगताना अवघड गेलं कारण रिपोर्ट मीच दिला होता, पण सरांनी पेन खाली ठेवलं आणि आम्ही पर्याय बोललो.

पहिला पर्याय, ठरल्याप्रमाणे डोस दुप्पट. लक्षणं तर आहेतच, रिपोर्ट चुकला तरी आठवड्यात चार रात्री खोकला चुकत नाही. याच्या बाजूने बोलण्यासारखं होतं हे मी मान्य करते. पण औषध पोचतच नसेल तर दुप्पट डोससुद्धा मास्कच्या कडेनेच जाणार, आणि वडिलांचा उरलासुरला विश्वासही जाणार.

दुसरा, सगळं बंद करून बघायचं, वडिलांना हेच हवं होतं. दोनदा अ‍ॅडमिट झालेल्या मुलाच्या बाबतीत सर याला तयार नव्हते आणि मला ते पटलं.

तिसरा, सहा महिने थांबून स्पायरोमेट्री जमते का बघणे. सहा महिने खूप होतात.

चौथा, आराम देणारं औषध बंद ठेवून ऑसिलोमेट्री नीट परत करायची आणि तोवर आहे तोच डोस चालू ठेवायचा. यात धोका एवढाच की दहा बारा दिवस जातात, आणि पालकांना सांगावं लागतं की आमची पहिली टेस्ट धरता येणार नाही. सरांनी हाच निवडला, आणि पालकांना सांगायचं कामही त्यांनी माझ्यावर न ढकलता स्वतः केलं, माझ्यासमोर. वडील चिडले. साहजिक होतं, रजा काढून आले होते. पण पुढच्या वेळी आले.

दुसरी टेस्ट

दहा दिवसांनी, सकाळी पहिल्या वेळेला बोलावलं. निळा पंप किमान चार तास द्यायचा नाही, पण खरंच धाप लागली तर द्यायचा आणि आम्हाला फोन करायचा, टेस्ट पुढे ढकलू, हे आदल्या दिवशी मी स्वतः फोनवर सांगितलं. मशीन सकाळी माहीत असलेल्या रेझिस्टन्सच्या चाचणी नळीवर तपासून घेतलं, हे रोज करायचंच असतं. उंची परत मोजली, बूट काढून, भिंतीला टेकवून. सगळे अपेक्षित आकडे उंचीवरून निघतात, जुन्या कागदावरची कमी उंची टाकली तर अपेक्षित रेझिस्टन्स उगाच जास्त निघतो आणि मुलाचा वाढलेला आकडा त्यात लपून जातो.

मशीनला हात लावायच्या आधी पंधरा मिनिटं मी त्याच्याशी नुसती खेळले. नळीतून येणारी थरथर आधी तळहातावर घेऊ दिली, मग गालावर, मग ओठांवर. जीभ कुठे झोपवायची ते आरशात बघून दोघांनी केलं, नळीच्या खाली, शांत. पायाखाली स्टूल दिलं कारण पाय लोंबकळले की मुलं सरकत राहतात. पाठ सरळ, हनुवटी किंचित वर, नाकाला चिमटा. वडिलांना त्याच्या मागे उभं करून दोन्ही तळव्यांनी गाल आणि हनुवटीखालचा मऊ भाग हलकेच पण घट्ट धरायला लावलं, आणि इथे एक गोष्ट झाली, पहिल्या दिवशी हाताची घडी घालून उभे असलेले वडील आता टेस्टचा भाग झाले. स्पायरोमेट्री त्या दिवशी केलीच नाही. दोन्ही करायच्या असतील तर ऑसिलोमेट्री आधी, कारण खोल श्वास आणि जोराचं फुंकणं याने नळ्यांचा ताण बदलतो, हे पुस्तकात असतं आणि गर्दीत विसरलं जातं.

पाच प्रयत्न झाले. एकात गिळलं, सुळका लगेच दिसला, काढून टाकला. एकात तो हसला आणि ओठाच्या कोपऱ्यातून हवा गेली, तोही काढला. उरले तीन, आर५ १०.९, ११.४, १०.३. सरासरी १०.९, तफावत ५ टक्के. अपेक्षित ९.१ च्या १२० टक्के, म्हंजे जास्त आहे पण नॉर्मलच्या मर्यादेत बसवता येईल असा. एक्स५ उणे ४.२, रेझोनंट फ्रिक्वेन्सी २३ हर्ट्झ, एएक्स ३८.

इथे थांबलो असतो तर "फारसं काही नाही" असा रिपोर्ट गेला असता आणि वडिलांचं म्हणणं खरं ठरलं असतं. पहिल्या रिपोर्टने आम्हाला एका बाजूला ढकललं होतं, हा अर्धा रिपोर्ट दुसऱ्या बाजूला ढकलणारा होता. मग साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम, स्पेसरमधून एकेक पफ करून, पंधरा मिनिटं थांबून परत तीन चांगले प्रयत्न. आर५ ६.३ म्हंजे ४२ टक्के कमी. एक्स५ उणे १.९ म्हंजे ५५ टक्के सुधारणा. एएक्स ३८ वरून ७, म्हंजे ८२ टक्के कमी. रेझोनंट फ्रिक्वेन्सी १३ वर आली.

त्याच २०२० च्या मानकात लक्षणीय प्रतिसादासाठी दिलेल्या मर्यादा आहेत आर५ मध्ये ४० टक्के घट, एक्स५ मध्ये ५० टक्के वाढ, एएक्स मध्ये ८० टक्के घट. तिन्ही ओलांडल्या होत्या, थोडक्याने का होईना. नॉर्मल दिसणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यामागे नळ्या आवळलेल्या होत्या आणि त्या उघडत होत्या. लोकसंख्येच्या सरासरीशी तुलना केली तर हा मुलगा ठीक होता, पण त्याची तुलना त्याच्या स्वतःच्या उघडलेल्या नळ्यांशी केली तेव्हा फरक दिसला. मर्यादा ओलांडली नसती तर दमा नाही असं सिद्ध झालं असतं का, तर नाही, आटोक्यात असलेल्या दम्यातही प्रतिसाद छोटा येऊ शकतो. आणि ओलांडली म्हणून टेस्टने दम्याचं निदान केलं असंही नाही, निदान सरांनी केलं, आईचा इतिहास, एक्झिमा, रात्रीचा खोकला आणि हे आकडे सगळं एकत्र धरून.

डोस वाढवायचा की नाही

आता दमा आहे एवढं पक्कं झाल्यावर परत प्रश्न आला की डोस दुप्पट करायचा का. सर लिहायच्या बेतात होते, पण मागच्या अनुभवामुळे म्हणाले आधी घरी कसं देताय ते करून दाखवा. मला वाटतं संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, आणि त्याला मशीन लागलं नाही.

आईने पंप न हलवता लावला. दोन पफ एकापाठोपाठ एक स्पेसरमध्ये सोडले, मास्क नाकापाशी उचललेला, मूल दोन श्वास घेऊन बाजूला झालं. आणि मग कळलं की सकाळचा डोस आई देते आणि रात्रीचा वडील देतात, तो झोपल्यावर, कारण जागेपणी रडतो. झोपेत मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही, श्वास उथळ असतो, मूल तोंड वळवतं, औषध छातीत फार कमी जातं. रडतानाही तेच. म्हणजे चार महिने अर्धे डोस जवळजवळ वाया जात होते आणि उरलेले अर्धे अर्धवट पोचत होते.

सरांनी डोस तोच ठेवला. पंप हलवायचा, मास्क नाक आणि तोंडावर घट्ट, एका वेळी एकच पफ, पाच सहा शांत श्वास, मग थांबून दुसरा, नंतर तोंड धुवायचं आणि चेहरा पुसायचा. रात्रीचा डोस झोपायच्या आधी, दात घासायच्या वेळेला. वडिलांनी दोनदा करून दाखवलं, तेव्हाच सोडलं त्यांना.

पुढे काय झालं

आठ आठवड्यांनी आले. रात्रीचा खोकला पंधरा दिवसांतून एखादी रात्र. आर५ ८.४, एक्स५ उणे २.७, एएक्स १७, आणि साल्ब्युटामॉलनंतर आर५ फक्त १८ टक्के खाली गेला, म्हंजे आधीच उघड्या असलेल्या नळ्यांना उघडायला फारसं उरलंच नव्हतं. हे सगळं इनहेलर नीट दिल्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, मधे सर्दीखोकल्याचे दिवसही सरले होते, आणि एका मुलावरून ते वेगळं काढताही येत नाही. पण डोस न वाढवता झालं एवढं नक्की.

टेस्टनंतरच्या पाचव्या महिन्यात ठरलेल्या तारखेला मुलगा सर्दी घेऊन आला. खेळत होता, छाती स्टेथोस्कोपला स्वच्छ, पण आर५ ११.८ आणि एएक्स ४४. तेव्हा टेस्ट करायलाच नको होती का यावर आमच्यात मतभेद झाले. मला वाटतं करायला हरकत नव्हती, लक्षणं दिसायच्या आधी नळ्या काय करतात ते कळतं, फक्त त्या एका आकड्यावर औषध बदलायचं नाही. फुप्फुस बदललेल्या रुग्णांमध्येही ऑसिलोमेट्री अशीच त्याच माणसाच्या आधीच्या आकड्यांशी ताडून बघतात, टोरांटोच्या गटाने २०२० मध्ये दाखवलंय की स्पायरोमेट्री स्थिर असतानाही नव्या फुप्फुसाला शरीर नाकारायला लागल्याचे काही प्रसंग यात दिसतात. आमच्या मुलाचं तेवढं गंभीर नव्हतं. सरांनी डोस हलवला नाही, चार आठवड्यांनी परत बोलावलं, आर५ ८.६ वर आलेला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी टेस्टच करायला नको होती. औषध घेऊन आलेलं, सहा वेळा फुंकून दमलेलं मूल, त्याला दुसरी तारीख देणं हाच बरोबर निर्णय होता आणि तो घ्यायला डॉक्टर लागत नाही, मी घेऊ शकले असते. आता अपॉइंटमेंटच्या वेळीच शेवटचा पफ कधी दिला हे विचारतो आणि उत्तर रिपोर्टवर लिहितो, "माहीत नाही" असेल तर तसं लिहितो.

मशीनने प्रयत्न स्वीकारला म्हंजे प्रयत्न चांगला, असं आता आम्ही धरत नाही. प्रत्येक प्रयत्नाचा ग्राफ डोळ्यांनी बघायचा, सुळका, गळती, उथळ श्वास, आणि तफावत मोठ्या अक्षरात पहिल्या ओळीत. डॉक्टरांच्या डोळ्यापुढे आधी ती ओळ यायला हवी, १४६ टक्के नंतर. रेफरलवर नुसतं "अस्थमा?" लिहून येतं त्याऐवजी प्रश्न काय आहे ते लिहून आलं तर फार मदत होते, "डोस वाढवू का" हा प्रश्न मला आधी माहीत असता तर मी पहिल्याच दिवशी जास्त जपून वागले असते असं मला वाटतं. आणि इनहेलर करून दाखवणं हे चौथ्या महिन्यात नाही, पहिल्या भेटीत आणि मग प्रत्येक भेटीत व्हायला हवं होतं, हे सर स्वतः म्हणतात.

एक गोष्ट आम्ही चुकलो ती खूप उशिरा कळली. पहिला रिपोर्ट आम्ही फाइलमधून काढला, पण वडिलांच्या मोबाइलमधला फोटो तसाच होता. पाचव्या महिन्यातल्या त्याच सर्दीत एका रात्री मुलगा जास्त खोकला म्हणून ते जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि तिथे तो फोटो दाखवला. तिथल्या डॉक्टरांनी १४६ टक्के आणि प्रतिसाद नाही हे वाचून तोंडाने स्टेरॉइड सुरू करायचं ठरवलं, त्या कागदावरून कुणीही तेच ठरवलं असतं. आईने सरांना फोन लावला म्हणून ते थांबलं. दुसऱ्या दिवशी मी जुन्या रिपोर्टवर "दर्जा अपुरा, निर्णयासाठी वापरू नये" असं लिहून सही करून नवी प्रत दिली, त्यासोबत दुसऱ्या टेस्टची प्रत दिली, आणि वडिलांनी माझ्यासमोर बसून जुना फोटो काढून टाकला आणि नव्या दोन्ही कागदांचा फोटो घेतला.